उंबऱ्यापर्यंतची अकरा पावलं

खरं सांगू? या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते निव्वळ करमणूक म्हणून. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोण येऊन बसतं... वाचायचे आणि नवऱ्याला म्हणायचे, "या लोकांना कामधंदे नाहीत का रे?" मी सांगलीत एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. इतकी वर्षं पोरींना एकच सांगत आले — रीडिंग तीनदा घ्या, मग वहीत लिहा, मनाचं काही घालू नका. तर हे जे लिहितेय, त्याचं रीडिंग मी तीनदा घेतलंय. मनाचं काही घातलेलं नाही. राग मात्र आहे, तो लपवणार नाही.

माझे आईवडील साताऱ्याचे. गोडोलीत आमचं तीन खोल्यांचं घर. वडील — आम्ही अप्पा म्हणतो — एका साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कारखान्यातनं रिटायर झाले, पण घड्याळातनं काही झाले नाहीत. दुपारचा चहा साडेतीनला म्हणजे साडेतीनला. पाच मिनिटं उशीर झाला की कप भिंतीवर. उगाच वाढवून सांगत नाहीये, हॉलच्या भिंतीवरचे ते डाग आई दर दिवाळीला चुन्यानं झाकायची.

रस्त्यानं जाताना अप्पा पुढे आणि आई पिशव्या घेऊन मागे. आमच्याकडे त्या पिढीत सगळ्यांचं तसंच, त्यात नवल नाही. पण बाकीचे पुरुष निदान चौकात थांबून मागे बघायचे. अप्पा कधी वळलेले मला आठवत नाहीत.

आणखी एक खोड. नवीन काहीही असलं की पहिला प्रयोग आईवर. घरात पहिला कुकर आला तेव्हा तो आईनं लावायचा आणि हे अंगणात उभे. लिफ्टमध्ये आधी आई. करोनाची लस घ्यायला गेलो तर तिथल्या सिस्टरला म्हणाले, "आधी हिला टोचा. बघू काय हुतंय." सिस्टर हसली, आईसुद्धा हसली. आई हसायचीच.

दोन वर्षांपूर्वी अप्पांना झटका आला. डावी बाजू गेली. साताऱ्यातलं हॉस्पिटल झाल्यावर मी दोघांना माझ्याकडे सांगलीला आणलं, कारण विश्रामबागेकडच्या एका रिहॅब सेंटरमध्ये नवीन मशीन आलंय असं कळलं होतं. रोबोटिक एक्सोस्केलेटन. नाव मोठं आहे, पण वस्तू समजायला सोपी — कमरेला पट्टा, मांडीला आणि पोटरीला पट्टे, बाहेरून धातूचे दोन पाय, खुब्याशी आणि गुडघ्याशी मोटर. पेशंट पडू नये म्हणून वरच्या रुळाला पट्ट्यानं अडकवलेला असतो. आपला पाय चालत नसला तर मशीन तो उचलून पुढे टाकतं. चालतं ते समोरच्या टॅबवरून. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात, एक मशीन किती जोर लावतंय त्याची आणि दुसरी पेशंट स्वतः किती लावतोय त्याची.

फिजिओथेरपिस्ट होती तेजल, तासगावची पोरगी, चटपटीत. पहिल्या दिवशी तिनं अप्पांना पट्टे बांधायला घेतले तर अप्पांनी चांगला उजवा हात आडवा घातला.

"आधी हिला घाला."

"काका, काकूंना काय झालंय?"

"काय न्हाई झालं. पण आधी हिला घाला, मग बघू."

आई आणि अप्पा एकाच उंचीचे. अप्पांना ते कधी आवडलं नाही, पण त्या दिवशी उपयोगी पडलं. तेजलनं सेंटरची ट्रॅकपँट दिली. आईनं आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली! लाजली, पदर शोधत राहिली आणि मग त्या लोखंडी पायांत कॉरिडॉरभर चालून आली. तिची चाल मी झोपेतही ओळखीन — बारीक, भरभर पावलं, चहा उतू चालल्यासारखी. आणि उंबऱ्याशी आली की डावा पाय बाहेरच्या बाजूला झटकायची, निऱ्या पायात येऊ नयेत म्हणून. कॉरिडॉरच्या टोकाला दार होतं. पँट घातलेली असूनही तिथं तिनं सवयीनं पाय झटकला. पट्टा कचकन ताणला गेला.

"काकू, असं नाही करायचं," तेजल म्हणाली. "याला बाजूला जायची मोटरच नाही. फक्त पुढं आणि मागं."

"सवय गं बाई," आई म्हणाली.

तेजलनं आईची चाल मशीनमध्ये सेव्ह करून ठेवली. उंची सारखीच आहे तर सेटिंगला बरं पडेल, म्हणाली. सुमन, असं तिचं नाव टॅबवरच्या यादीत आलं.

मग महिनाभर अप्पांची सेशन्स. मशीनची पट्टी वर आणि अप्पांची तळाला. शेवटी तेजलनं मला बाजूला घेतलं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण काकांना जमतंय. ते मुद्दाम पाय सोडून देतात." मी तिच्यावरच चिडले. आजारी माणूस नाटक कशाला करेल?

का करणार नाही! आंघोळ आई घालणार, घास आई भरवणार, रात्रंदिवस "सुमेऽ" म्हटलं की आई हजर. नव्हतं कळत ते मला.

ते साताऱ्याला परत गेले. एकदा फोनवर आई दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, हे चालत्यात गं. परवा मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले, तर टीव्हीवर ठेवलेला रिमोट यांच्या हातात."

"आई, तूच दिला असशील. विसरलीस."

मग म्हणाली, "असंल बाई."

ते "असंल बाई" आठवलं की अजून मला जेवण जात नाही.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. दुपारी तीन वीसला आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, "ठेवते गं, चहाची वेळ झाली." साडेचारला शेजारच्या निकम काकू खिरीची वाटी घेऊन आल्या, तर आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी पडलेली. उंबऱ्याला लागून, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हृदयविकाराचा झटका. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता.

आणि अप्पा? हॉलमध्ये आपल्या खुर्चीत. टीव्ही चालू. मोबाईल खुर्चीच्या हातावर, चांगल्या हाताशी.

"मला हितनं काय दिसतंय?" म्हणाले. खुर्चीतून स्वयंपाकघराचं दार दिसत नाही हे खरं, मधे भिंतीचा कोपरा येतो. "दोनदा हाक मारली. उत्तर न्हाई. नाराज झाली आसंल म्हटलं. मला उठता आलं आसतं तर धावलो नसतो व्हय?"

सगळे नातेवाईक त्यांच्याच गळ्यात पडून रडले. बिचारा लुळा माणूस, हाकेच्या अंतरावर बायको गेली आणि काही करता आलं नाही! मीसुद्धा रडले. निकम काकू तेवढ्या म्हणाल्या, "माझं दार उघडंच होतं गं, मला नाही हाक ऐकू आली." मी लक्ष दिलं नाही. ओट्यावर चहाचं पातेलं होतं, चहा आटून बुडाला काळा कोळसा झालेला. गॅस बंद होता. ते पातेलं मी स्वतः घासलं. तासभर घासत बसले, आणि एवढी उघड गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही... लॅबवाली म्हणे!

दिवस झाल्यावर अप्पांना सांगलीला आणलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. पहिल्याच दिवशी तेजलनं टॅब हातात घेतला आणि मला "सॉरी हं ताई" म्हणाली. स्क्रीनवर आपोआप आईचं नाव आलं होतं. तिनं ते पुसलं, अप्पांचं लावलं. मी खिडकीकडे तोंड करून पाण्याची बाटली भरत होते. मशीन चालू झालं आणि मी आवाज ऐकला.

बारीक, भरभर पावलं.

वळून बघितलं तर मशीनमध्ये अप्पाच. पण चाल आईची. अकरा पावलं टाकली आणि मशीन थांबलं. मग अप्पांचा डावा पाय, तो मेलेला पाय, बाहेरच्या बाजूला झटकला गेला. निऱ्या सारल्यासारखा.

तेजल मशीनकडे बघतच राहिली. बाजूला जायची मोटरच नाही ना त्यात. मग तिनं टॅब बघितला आणि एकदम खूश झाली. "काका! अहो तुम्ही स्वतः चाललात! मशीनची पट्टी झिरो आहे!"

अप्पांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. "मी न्हाई चाललो. वढतंय मला हे. काढ. आदी काढ हे!"

कंपनीच्या इंजिनिअरला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं दोन तास सगळं तपासलं. मोटर ठीक, सेन्सर ठीक, आईची नोंद यादीतून पूर्ण गेलेली. त्याच मशीनवर मधल्या वेळात मिरजेचे एक मास्तर चालून गेले, काहीही गडबड नाही.

दुसऱ्या सेशनला पुन्हा अकरा पावलं, थांबणं, झटका. तिसऱ्याला पुन्हा. तीन रीडिंग झाली. आणि तिसऱ्या वेळी थोडं पुढचंही झालं. झटक्यानंतर डावा पाय वर उचलला गेला, चांगला गुडघ्याच्या उंचीवर, आणि पलीकडे पडला, जमिनीवर काहीतरी आडवं असावं आणि ते ओलांडावं तसा. अप्पांनी उजव्या हातानं बाजूचा बार गच्च धरला होता. तोंडानं पुटपुटत होते, "ओलांडू न्हाई... माणूस ओलांडू न्हाई..."

लहानपणी आपल्याला सगळ्यांनाच सांगितलेलं असतं ते. झोपलेल्याला ओलांडू नये आणि चुकून ओलांडलं तर परत उलटं ओलांडावं. पण ते आत्ता, इथं कशाला?

ही अकरा पावलं कुठून कुठवर होतात ते बघायला मी तेजलकडून आईच्या दोन पावलांमधल्या अंतराचं माप मागून घेतलं. पहिल्या दिवशीच्या कागदावर तिनं ते लिहून ठेवलं होतं. त्या मापाची सुतळी कापली, रविवारी सकाळची एसटी पकडली आणि साताऱ्याला गेले. घर बंद होतं, आत कोंदट वास. अप्पांच्या खुर्चीच्या पायापासून सुतळी टाकत निघाले, भिंतीच्या कोपऱ्याला वळून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. अकरा. पुन्हा मोजलं. अकरा. तिसऱ्यांदाही अकरा.

उंबऱ्यावर उभी राहिले. आई पडली होती ती हीच जागा. समोर ओटा, ओट्यावर शेगडी. आणि तेव्हा, त्या शेगडीचं बटण बघताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. चहा आटून कोळसा झाला होता. म्हणजे आई पडल्यावरही गॅस बराच वेळ चालू होता. आणि निकम काकू आल्या तेव्हा तो बंद होता.

मग बंद कुणी केला?

शेगडीपर्यंत जायला दुसरी वाट नाही. दारात आडवं पडलेलं माणूस ओलांडूनच जावं लागतं.

मी तिथंच खाली बसले. रडू आलं नाही. हातातली सुतळी दातानं चावत बसले होते, एवढंच आठवतंय.

पुढच्या सेशनची वेळ मी मुद्दाम दुपारी साडेतीनची मागून घेतली. तेजलला काही सांगितलं नाही. अप्पा मशीनमध्ये चढायला तयार नव्हते, "नगं, आज नगं" करत होते. मी स्वतः त्यांचे पट्टे आवळले. अकरा पावलं झाली. पाय झटकला. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, जिथे उंबरा असता तिथे.

"अप्पा, गॅस कुणी बंद केला?"

आधी म्हणाले, "कसला गॅस?" तेवढ्यात पाय उचलला जायला लागला, सावकाश, वर वर, आणि तसाच अधांतरी थांबला. अप्पा घामानं निथळत होते.

"करपल्याचा वास आला गं," म्हणाले. "घर पेटलं आसतं. म्हणून उठलो. चौकटीला धरून गेलो."

"आणि आई?"

"पडली हुती."

"जिवंत होती?"

मशीनची मोटर गुणगुणत होती. मग एकदम पोरासारखे रडायला लागले. "बगत हुती माझ्याकडं. डोळं उगडं हुतं. बोलता येत न्हवतं तिला."

"फोन तुमच्या हाताशी होता अप्पा! निकम काकूंचं दार उघडं होतं!"

"मग सगळ्यांस्नी कळलं आसतं की... मी उठतोय ते. म्हटलं, येईल कोनतरी. चहाच्या टायमाला येतंच कोनतरी." आणि पुढे काय म्हणावं माणसानं? म्हणाले, "पण येताना परत वलांडून आलो गं मी तिला. दोष काडला. तसाच न्हाई ठेवला."

दोष काढला! मरत्या बायकोला ओलांडून गॅस बंद केला, परत ओलांडून दोष काढला, आणि खुर्चीत बसून टीव्ही बघितला. माझी आई त्यांच्याकडे बघत राहिली असेल. कदाचित तिला वाटलं असेल, चला, उठले तरी. आता बोलावतील कुणाला तरी.

तेजल टॅब छातीशी धरून भिंतीला टेकली होती. "ताई, थांबवू का?"

"सेशन किती बाकी आहे?"

"वीस मिनिटं."

"चालू दे," मी म्हटलं.

वीस मिनिटं मी तिथं उभी होते. पाय वर, पलीकडे. वळण. पाय वर, अलीकडे. अप्पा आधी ओरडले, मग विनवलं, मग नुसते हुंदके. मला दया आली असती तर मी इथं तसं लिहिलं असतं. नाही आली. खाली जाऊन काउंटरवर आणखी दोन महिन्यांच्या सेशन्सच्या फॉर्मवर सही केली.

दोन महिन्यांत अप्पा काठीशिवाय चालायला लागले. सेंटरनं टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. तेजलनं रिपोर्टमध्ये "सेन्सरमध्ये बिघाड असण्याची शक्यता" असं लिहिलं आणि माझ्या नजरेला नजर दिली नाही. कायद्यात अशा गोष्टीला काय म्हणतात मला माहीत नाही. विचारायला गेले नाही. मला वाटलं, जिचं काम तिनं हातात घेतलंय.

अप्पा म्हणाले, "साताऱ्याला नगं. हितंच ऱ्हातो तुझ्याकडं."

"का? तुमचंच घर आहे की," मी म्हटलं.

घर झाडून घेतलं. खुर्ची तिच्या जुन्या जागी ठेवली, फरशीवर तिच्या पायांच्या खुणा होत्याच. सांभाळायला लोणंदकडच्या हौसाबाई ठेवल्या, जाणत्या, दणकट बाई. आणि मी सांगलीला निघून आले.

आता साताऱ्यात काही मशीन नाही. पट्टे नाहीत, मोटर नाही. ते मशीन इकडे सांगलीत आहे, रोज पेशंट त्यावर चालतात, एकाचीही तक्रार नाही. माझ्याकडे तीन रीडिंग आहेत, सुतळी आहे, आणि स्पष्टीकरण एकही नाही. कॉलेजातल्या सरांना नाव न घेता विचारून बघितलं. ते म्हणाले, मेंदू फार गुंतागुंतीचा असतो, पश्चात्तापानं माणूस काहीही करतो. असेल. पण मोटर नसलेल्या बाजूला ते लोखंड कसं गेलं?

साताऱ्याला सोडून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी हौसाबाईंचा फोन आला. घाबरलेल्या.

"ताई, आवं, काका बगा की कसं कराय लागल्यात. साडेतीनला च्या टाकला न् ह्ये उठलं. बाईमाणसागत भराभरा चालत आलं, दारात येऊन पाय झटाकला न् तितंच उबं ऱ्हायल्यात. आत बी येईनात, मागं बी जाईनात. मी धरून वडलं, तरी हलंनात. पाय लटालटा कापत्यात."

"बोलतायत काही?"

"खाली उंबऱ्याकडं बगून बोलत्यात. 'ऊठ की गं, सुमे, ऊठ की' म्हनत्यात. खाली तर कोन बी न्हाई ताई."

मी घड्याळ बघितलं. पावणेचार.

"हौसाबाई, साडेचार वाजले की खुर्चीत बसवा त्यांना. तेव्हा येतील."

"आन् तवर?"

"तोवर राहू देत."

आले ते साडेचारला. स्वतःहून. तेव्हापासून रोज तसंच चाललंय, एक दिवस चुकलेला नाही. हौसाबाईंना आता सवय झालीये, त्या बाजूनं अंग चोरून जातात आणि आपला चहा पितात. मी लॅबमधून रोज तीन पस्तीसला फोन करते आणि विचारते, "पोचले का?" त्या म्हणतात, "पोचलं." परवा मात्र ठेवता ठेवता थांबल्या आणि म्हणाल्या, "आवं ताई, पन ह्ये हाय तरी काय?"

"मला माहीत नाही हौसाबाई," मी म्हटलं, आणि साडेचारला बसवायची पुन्हा आठवण केली.